स्तनाचा कर्करोग आणि जनुकोपचार : किती वाचले, किती लिहिले



या व्याख्यानमालेचा मी जुना श्रोता आहे. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची मला सवय. पेशंटचा निरोप आला तर गुपचूप उठून जाता येते. यंदा कार्यवाहांनी पुढे बोलावले आणि विषय विचारला. मी विषय सांगितल्यावर ते थोडे घुटमळले. म्हणाले, "डॉक्टर, आपल्या सभेला बायका-माणसं एकत्र बसतात. स्तनाचा कर्करोग हा विषय…" मी म्हटले, "म्हणूनच तो घेतो आहे."

मी कर्करोगतज्ज्ञ नाही. बीएचएमएस झालो आणि चार दशके या बेळगावात होमिओपॅथीची प्रॅक्टिस केली. पण आपल्याकडची बाई छातीत गाठ लागली की सर्जनकडे आधी जात नाही. ती ओळखीच्या, घरच्यासारख्या डॉक्टरकडे येते. सर्दीचे औषध मागते आणि उठताना दाराशी थांबून हळूच म्हणते, "आणखी एक सांगायचं होतं." त्या दाराशी थांबलेल्या बाईला काय उत्तर द्यायचे, हे ज्याला ठरवावे लागते त्याने हा विषय नीट समजून घेतलाच पाहिजे. मी तो उशिरा समजून घेतला. त्या उशिराची किंमत मी दिली नाही, दुसऱ्या कुणी दिली.

१९८९ सालची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी, वय बेचाळीस. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ, दुखत नव्हती. मी कोनियम दिले. आमच्या ग्रंथांत स्तनातल्या कठीण गाठीसाठी ते औषध सांगितलेले आहे आणि तेव्हा माझा ग्रंथावर विश्वास होता. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय." मी खूश झालो. दुखत नसलेल्या गाठीला बरे वाटते म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पडला नाही. चार महिने गेले. एके दिवशी त्यांनी दाखवले तेव्हा गाठीवरची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेत दुसरी गाठ हाताला लागत होती. मग सर्जन, शस्त्रक्रिया, केमो. दोन वर्षांनी त्या गेल्या. चार महिने आधी पाठवले असते तर त्या वाचल्याच असत्या असे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ते चार महिने त्यांचे होते आणि मी ते खर्च केले. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. त्या दिवशी माझ्या मनात पहिले नाव त्यांचे येते.

आता दुसरी गोष्ट, अलीकडची. शहापूरकडचा एक तरुण माझ्याकडे आला. बंगळुरात नोकरीला, हुशार मुलगा. आई बासष्ट वर्षांची, आमच्याच समाजातली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात होती : 'जीन थेरपीने कर्करोग मुळापासून बरा.' रक्कम काही लाखांत. "डॉक्टरकाका, शहापूरचा फ्लॅट विकायची तयारी आहे. घेऊ का?" मी म्हटले, "आधी आईची फाइल दाखव." फाइल पाहिली आणि मी थक्क झालो. ज्या जनुकाच्या शोधात हा मुलगा घर विकायला निघाला होता, त्या जनुकाचे नाव त्या फाइलमध्ये तिसऱ्या पानावर छापलेले होते. ते घरात कुणी वाचलेच नव्हते.

आपली ही साहित्याची सभा आहे, म्हणून आपल्याच भाषेत मांडतो. जनुक म्हणजे पेशीत लिहिलेला मजकूर. तो वाचून पेशी प्रथिने तयार करते. कर्करोगात या मजकुरात बिघाड होतो. यावर दोन प्रकारची कामे करता येतात. एक, मजकूर वाचायचा आणि त्याप्रमाणे औषध निवडायचे. दोन, पेशीत नवा मजकूर नेऊन घालायचा. खरा जनुकोपचार म्हणजे हे दुसरे काम. पहिले काम स्तनाच्या कर्करोगात आज रोज चालते. दुसरे अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे. जाहिरात करणारे दोन्ही एका पिशवीत घालून विकतात.

आधी वाचनाबद्दल. त्या फाइलमधले जनुक म्हणजे हर-टू. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. स्तनाच्या काही कर्करोगांत मात्र त्याच्या प्रती अनेक पटींनी वाढतात. मग पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू नावाच्या प्रथिनाची दाटी होते आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा सतत निरोप जात राहतो. कॅलिफोर्नियातील डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की ज्या स्त्रियांच्या गाठीत या प्रती वाढलेल्या असतात, त्यांचा आजार लवकर उलटतो. स्तनाच्या शंभर कर्करोगांत असे साधारण पंधरा ते वीस असतात. पुढे या प्रथिनाला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड तयार झाले, ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एके काळी हर-टूचा कर्करोग म्हणजे वाईट बातमी मानली जाई. या औषधाने ते चित्र पालटले. आपल्याकडे बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने २०१४ मध्ये त्याची देशी आवृत्ती बाजारात आणली.

हे जनुक डोळ्यांनी पाहताही येते. बायॉप्सीचा तुकडा तपासताना आधी प्रथिनाचा रंग पाहून शून्य ते तीन असे गुण देतात. तीन आले तर गाठ हर-टूची. दोन आले तर संशय, आणि मग फिश नावाची तपासणी करतात. त्यात जनुकाला चमकणारा रंग जोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या केंद्रकातले ठिपके मोजतात. दोन ठिपक्यांच्या जागी दहा-पंधरा ठिपके दिसले की निकाल लागला. जनुकाचे इतके साधे, इतके उपयोगी चित्र आज आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत रोज काढले जाते.

त्या मुलाच्या आईच्या अहवालात तीन गुण होते. कर्करोगतज्ज्ञांनी औषधही लिहून दिले होते. घरच्यांना ती नेहमीची केमो वाटली, म्हणून ते आणखी काही 'आधुनिक' शोधत होते. मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवले. मातोश्रींनी मात्र मला वेगळाच प्रश्न विचारला : "हे औषध कशापासून करतात? कुणा जिवाला मारून नाही ना?" मी खरे ते सांगितले. हे औषध हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार होते. ती पेशींची जात १९५७ मध्ये एकदाच वेगळी केली गेली आणि तेव्हापासून टाक्यांमध्ये वाढवली जाते. प्रत्येक इंजेक्शनसाठी प्राणी मारत नाहीत. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "घेते." दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, असे वर्षभर त्यांनी घेतले. फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे.

वाचनाचा दुसरा भाग घराण्याचा. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच ते दहा आनुवंशिक असतात. मेरी-क्लेअर किंग या संशोधिकेने १९९० मध्ये दाखवले की अशा काही घराण्यांतला दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले, बीआरसीए-वन. पुढच्याच वर्षी बीआरसीए-टू. या जनुकांचे काम डीएनएची दुरुस्ती करण्याचे. ती बिघडली की चुका साठत जातात. अशा स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात साठच्या पुढे जाते. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपण पेशंटला "आईला होता का? मावशीला?" एवढेच विचारतो. आत्याला कुणी विचारत नाही. आत्या दुसऱ्या घरी दिलेली, तिचा आजार त्या घरातच झाकलेला. भगिनींनो, घरी गेल्यावर आत्याची चौकशी जरूर करा. असा दोष सापडलेल्यांसाठी २०१८ पासून ओलापॅरिब नावाची गोळी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगातही वापरात आली आहे. कर्करोगाच्या पेशीची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. ही गोळी दुसरी बंद करते.

आता शरीरात गाठ कुठे आहे हे बाहेरून पाहण्याबद्दल. मॅमोग्राफी गाठीचा आकार दाखवते. नेहमीचा पेट स्कॅन पेशी साखर किती खाते ते दाखवतो. पण क्षयाची गाठही साखर खाते, त्यामुळे आपल्याकडे कधी कधी फसगत होते. म्हणून संशोधकांनी ट्रास्टुझुमॅबलाच किरणोत्सर्गी झिर्कोनियम जोडून पेट स्कॅन करून पाहिला. हर-टूच्या गाठी जिथे जिथे पसरल्या आहेत तिथे तो उजळतो. स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहकांना शोधणाऱ्या अशाच एका पेट द्रव्याला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. हे सारे वाचनच, फक्त शरीर न कापता केलेले.

यापुढचा भाग लेखनाचा, म्हणजे खऱ्या जनुकोपचाराचा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात झालेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग त्वचेवर गाठींच्या रूपाने उमटलेल्या बारा स्त्रिया त्यात होत्या. त्या गाठींत थेट सुईने डीएनएचे एक वर्तुळ टोचले. त्यात जिवाणूचे एक जनुक होते आणि त्याच्या आधी हर-टू जनुकाचा चालू-बंद करणारा भाग जोडलेला होता. युक्ती अशी, की ज्या पेशीत हर-टू जोरात चालते तिथेच हे नवे जनुक चालू व्हावे. मग रुग्णाला फ्लुसायटोसीन दिले, जे मुळात बुरशीवरचे औषध. आपल्या पेशी त्याचे काही करत नाहीत. पण जिवाणूचे ते जनुक जिथे चालू आहे त्या पेशी त्याचे रूपांतर फ्लुरोयुरॅसिलमध्ये करतात. फ्लुरोयुरॅसिल म्हणजे केमोचे जुने, जाणते औषध. विष बाहेरून पाजायचे नाही, कर्करोगाच्या पेशीलाच ते स्वतःत तयार करायला लावायचे. प्रयोग सुरक्षित ठरला आणि बहुतेक गाठींत जनुक हव्या त्याच पेशींत चालू झाले. पण टोचता येईल अशा गाठीतच ते जाऊ शकले. हाडात, यकृतात, फुप्फुसात दडलेल्या पेशींना सुई कशी गाठणार?

मग प्रश्न आला, टोचलेले जनुक आत पोचले आणि चालू झाले हे कळावे कसे? त्यासाठी खबऱ्या जनुक वापरतात. नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूचे एक जनुक गाठीत घालायचे, आणि त्या जनुकाने तयार केलेले प्रथिन ज्याला अडकवून ठेवील असे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून द्यायचे. जनुक चालू असेल तर पेट स्कॅनमध्ये तेवढीच जागा उजळते. जर्मनीतील कोलोनच्या संशोधकांनी २००१ मध्ये मेंदूच्या गाठीच्या पाच रुग्णांत असे चित्र काढून पाहिले. पाचांपैकी एकात ते दिसले. एकातच का, असे आपण विचारू. पण आपले जनुक चारांत पोचत नाही हे चित्रामुळेच कळले, आणि तेही महत्त्वाचे आहे.

या सगळ्यात माझ्या मनात घर करून राहिलेले उदाहरण आयोडीनचे. थायरॉइडच्या कर्करोगावर १९४० च्या दशकापासून किरणोत्सर्गी आयोडीन देतात, कारण थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. ते ओढणारे जनुक १९९६ मध्ये सापडले. हेच जनुक आणखी एका जागी जागे होते : बाळंतिणीच्या स्तनात. दुधातून बाळाला आयोडीन मिळावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. दूध तुटले की ते पुन्हा झोपते. २००० मध्ये संशोधकांनी तपासले तेव्हा स्तनाच्या दहापैकी आठ कर्करोगांत हे प्रथिन पुन्हा दिसले. मात्र पुष्कळदा ते पेशीच्या आतच राहते, पृष्ठभागावर येऊन आयोडीन ओढण्याइतके काम करत नाही. म्हणून ते जनुक गाठीत नव्याने घालण्याचे प्रयोग सुरू झाले. ते पोचले तर आधी थोड्या द्रव्याने गॅमा कॅमेऱ्यावर चित्र काढायचे. गाठ उजळली तर मग उपचाराचे आयोडीन द्यायचे. एकाच जनुकाने आधी दाखवायचे आणि मग मारायचे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने गोवराच्या लसीतल्या विषाणूत हे जनुक बसवून मल्टिपल मायलोमा या कर्करोगाच्या रुग्णांना दिले. २०१४ मध्ये त्यांनी कळवले की विषाणू गाठींत पोचल्याचे कॅमेऱ्यावर दिसले आणि एका स्त्रीचा आजार काही काळ पूर्ण ओसरला. बाळाला आयोडीन पुरवणारे जनुक आईच्या आजारावर चालवता येईल का, हा प्रश्न स्तनाच्या बाबतीत अजून उत्तर शोधतो आहे.

हे अजून रोजच्या उपचारात का नाही? कारण जनुक पोचवण्यासाठी बहुधा विषाणू लागतो आणि शरीर विषाणूला ओळखून अडवते. पुष्कळसा यकृतातच अडकतो. गाठीतल्या प्रत्येक पेशीत तो जात नाही, आणि उरलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढतात. शिवाय धोका आहे. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा यकृताच्या एका आनुवंशिक आजारासाठी असा प्रयोग करून घेताना चार दिवसांत गेला. विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने उठवलेला क्षोभ त्याला सोसला नाही. त्यानंतर जगभर नियम कडक झाले.

जनुकोपचार जिथे खरोखर यशस्वी झाला ते क्षेत्र बरेचसे रक्ताचे. रक्तातल्या पेशी बाहेर काढता येतात, त्यांत जनुक घालून, तपासून परत देता येतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून अशी कार-टी उपचारपद्धती तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला आपल्या देशात मान्यता मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती उपलब्ध झाली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, स्तनाच्या नाही. स्तनाची गाठ बाहेर काढून, सुधारून परत बसवता येत नाही.

म्हणून जाहिरात घेऊन येणाऱ्याला मी आता चार प्रश्न देतो. कोणते जनुक? ते कशातून पोचवणार? या आजारासाठी सरकारी औषध नियंत्रकांची मान्यता आहे, की ही चाचणी आहे? चाचणी असेल तर भारताच्या चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक काय, आणि प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून का मागता? बहुतेक जाहिराती पहिल्याच प्रश्नाला गळतात.

आता शेवटचे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईत एक अभ्यास सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी स्तनतपासणी केली. करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, फक्त हात. वीस वर्षांहून अधिक काळाने, २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. आपल्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला असा अंदाज आहे आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या. मृत्यूंचा हा आकडा इतका मोठा असण्यात उशिराचा वाटा मोठा आहे.

जनुकाचे ठिपके मोजायला आधी बायॉप्सी लागते. बायॉप्सीला गाठ दाखवणारी बाई लागते. आणि तिला 'थांबून बघू' न म्हणणारा माणूस लागतो, मग तो नवरा असो, सासू असो किंवा माझ्यासारखा डॉक्टर. माझ्या पॅथीच्या तरुण डॉक्टरांना मी हात जोडून सांगतो : थकवा, झोप, भीती यांवर नंतर जरूर औषध द्या, तिच्या कर्करोगतज्ज्ञांना कळवून द्या. पण स्तनातल्या गाठीवर निदान होण्याआधी एकही पुडी देऊ नका. मी दिली होती.

१९८९ नंतर माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. गाठ सांगणाऱ्या बाईला त्याच दिवशी चिठ्ठी, आणि आठ दिवसांनी माझा फोन : "जाऊन आलात का?" कुणी रागावते, कुणी रडते. एकदा एका आजोबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तिला लाज वाटते, डॉक्टर." मी म्हटले, "मग तुम्ही घेऊन जा, मी येतो दवाखान्याच्या दारापर्यंत." गेलो. गाठ साधीच निघाली, कर्करोग नव्हता. बहुतेक गाठी तशाच निघतात, हेही आज सांगून ठेवतो.